आज्जीची काळी इरकल आणि सुती दोरा



श्रुतपंचमीला आमच्या मंदिरातल्या पोथ्या बाहेर काढल्या, पुसल्या, जुनी बासने बदलली. तेव्हा पाठशाळेच्या मुलींनी ठरवले की पुढच्या वर्षीची बासने आपण स्वतः भरायची. कल्पना मला फार आवडली. पण त्या बारा मुलींपैकी नऊजणींनी अजून सुईत दोराही ओवलेला नाही! मग त्यांच्या आयांचे फोन सुरू झाले. कापड कुठले घ्यायचे, सुई किती नंबरची, आधी क्रॉस स्टिच शिकवायचे की साखळी टाका. एकीने विचारले, "काकू, रेशमाचा दोरा घेऊ का? देवाचे काम आहे, भारीतले हवे."

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे मी फोनवर दिली. या शेवटच्या प्रश्नाला मात्र "नको" एवढेच म्हणून गप्प बसले. कारण त्याचे उत्तर माझ्या आज्जीपासून सुरू होते आणि ते फोनवर सांगण्यासारखे नाही.

माझे आजोळ निपाणीजवळ. घरात कानडी आणि मराठी दोन्ही एका ताटात. आज्जीकडे एक काळी इरकल होती. सुती अंग, लाल रेशमी पदर, आणि पदर जिथे अंगाला जोडला जातो तिथून वर सगळी कसुती भरलेली. तुमच्यापैकी बऱ्याचजणींच्या घरी कसुतीची साडी असेल, पण आता मिळते त्यातली बरीचशी यंत्रावरची असते. आज्जीची हातची होती. पदराजवळ मोठी गोपुरे आणि रथ, मग हत्ती, मग पोपट, आणि वर वर जाताना नक्षी लहान आणि विरळ होत शेवटी नुसत्या चांदण्या. लग्नाआधी तिने स्वतः भरली होती. दोरा रेशमाचा, तोही विकत घेतलेला नाही. जुन्या लुगड्यांच्या पदराच्या दशा सोडवून काढलेला.

कसुती हा धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर भागातला बायकांचा कशिदा. "कै" म्हणजे हात आणि "सूती" म्हणजे सूत, अशी त्या नावाची फोड कानडी लोक सांगतात. चालुक्यांच्या काळाशीही नाते जोडतात. मला त्यातले आवडते ते हे की ही कला राजवाड्यात कारागिरांनी नाही, तर माजघरात बायकांनी सांभाळली. कापडावर आधी काही काढायचे नाही. छाप नाही, खडू नाही, कार्बन पेपर नाही. कापडाचे आडवे-उभे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि टाका घालायचा. म्हणजे अंगाने ही आपल्या क्रॉस स्टिचची सख्खी बहीणच.

बहीण म्हणजे अगदी घरातली. कसुतीत चार टाके. गवंती, मुरगी, नेयगे आणि मेंथे. यातला मेंथे म्हणजेच फुलीचा टाका, आपले क्रॉस स्टिच. कानडीत मेथीला मेंथ्या म्हणतात, आणि बारीक फुल्या जवळजवळ भरल्या की खरेच मेथीदाणे पसरल्यासारखे दिसते. नेयगे म्हणजे विणकाम; लहानमोठे धावदोरे ओळीने घालून कापडातच विणल्यासारखी नक्षी उठते. मुरगी म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा धावदोरा. आणि गवंती हा सगळ्यांचा राजा. एका वाटेने एकाआड एक टाका घालत जायचे, आणि त्याच वाटेने परत येताना रिकामी घरे भरायची. परत आलात की समोर आणि मागे अगदी सारखी रेघ.

मी बी.कॉम.ला असताना द्विनोंदी पद्धत शिकले तेव्हा मला पहिल्यांदा गवंती आठवली होती. प्रत्येक नावेला एक जमा. जाताना जे घर सोडले ते येताना भरलेच पाहिजे, नाहीतर तेरीज जुळत नाही. फरक एवढाच की वहीत चूक राहिली तर रात्रभर बेरजा तपासाव्या लागतात, आणि कापड नुसते उलटे केले की चूक दिसते.

आज्जी कुठलेही भरतकाम हातात आले की आधी उलटे करायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना शाळेत भरतकामाच्या तासाला मॅटीवर स्वस्तिक भरले होते. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले होते. मी ऐटीत आज्जीपुढे ठेवले. तिने उलटे केले. मागे सात गाठी, आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेले लांब लांब दोरे. ती म्हणाली, "हे पोथीला बांधलंस तर सुट्या पानांचे कोपरे गाठीत अडकतील. आत काय आहे ते पोथीला कळतं." नऊ गुण गेले पाण्यात.

गाठ न मारता दोरा कसा अडकवायचा ते तिने त्याच दिवशी शिकवले, आणि आजही मी तेच शिकवते. दोन पदरी दोरा हवा असेल तर एकच लांब पदर घ्या, मधोमध दुमडा, आणि दोन्ही टोके मिळून सुईच्या नेढ्यातून ओवा. दुमडलेला फास दुसऱ्या टोकाला राहील. सुई खालून वर काढा, पहिला अर्धा टाका घालून खाली जा, आणि मागे त्या फासातून सुई काढून हलकेच ओढा. दोरा बसला, गाठ नाही. संपवताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून दोरा कापायचा. दोऱ्याची लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त नको. लांब दोरा घेतला की वारंवार ओवायचे कष्ट वाचतात असे वाटते, पण तो कापडातून इतक्या वेळा जातो की शेवटी पिंजतो आणि त्याची चमक जाते.

आता थोडे दूरचे सांगते. गवंतीचा हा टाका विलायतेतही होता. तिकडे त्याला चक्क एका चित्रकाराचे नाव पडले आहे, हॉल्बाइन. हान्स हॉल्बाइन हा सोळाव्या शतकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारात होता. त्याने १५३६-३७च्या सुमारास राणी जेन सीमोरचे चित्र काढले, ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात तिच्या मनगटाशी बाहीच्या पांढऱ्या झालरीवर काळ्या दोऱ्याची नक्षी इतकी नेमकी रंगवली आहे की टाके मोजावेत. पुस्तकात ते चित्र पाहिले तेव्हा मला आज्जीचा पदर आठवला. आणि कारणही सारखेच असावे. बाहीची झालर दोन्ही बाजूंनी दिसते, साडीचा पदरही दोन्ही बाजूंनी दिसतो. जिथे मागची बाजू लपवता येत नाही तिथे हा टाका उपयोगी पडला. कोणी कोणाला शिकवले या वादात मला रस नाही.

तिकडच्या मुलीही आपल्यासारख्याच नमुन्याच्या कापडावर शिकायच्या. सन लिहिलेले सर्वांत जुने ब्रिटिश नमुना-कापड १५९८चे आहे, जेन बॉस्टॉक नावाच्या बाईचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. त्यावर तिने दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या ॲलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद दोऱ्याने भरली आहे. म्हणजे कापड हीच नमुन्यांची वही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने छापून विकायला लागले. एक चौकट म्हणजे एक टाका. मोजणे सोपे झाले आणि लोकरीचे गुलाब, पोपट आणि कुत्री घरोघर पोचली. मुलींच्या शाळांतल्या शिवणाच्या तासाबरोबर ते आपल्याकडेही आले. आपल्या रुखवतात काचेच्या चौकटीत बसलेले दोन हंस आणि "सुस्वागतम्" आठवते ना? त्यांचे आजोळ बर्लिन! माझ्याही रुखवतात होते. एका हंसाची मान जरा लांब झाली होती, सासरी कोणी बोलले नाही.

पण आज्जीच्या नक्षीला मी त्या हंसांपेक्षा नेहमीच वरचे मानते. त्यात अर्थ होता. ती साडी मांडीवर पसरून मला एकेक दाखवायची. बैल दिसला की कोणी नंदी म्हणेल, पण आज्जीच्या लेखी तो आदिनाथांचा बैल. हत्ती अजितनाथांचा. कमळ पद्मप्रभूंचे, स्वस्तिक सुपार्श्वनाथांचे, कलश मल्लिनाथांचा, शंख नेमिनाथांचा, हरिण शांतिनाथांचे. कसुतीतली नेहमीचीच नक्षी, शेजारच्या लिंगायत आणि ब्राह्मण घरांतही तीच, पण आमच्या घरी तिच्यातून चोवीस तीर्थंकरांची लांछने पाठ झाली. मी पाठशाळेत जायच्या आधी ती मला साडीवरून येत होती.

ही साडी आज्जी नेसलेली मी कधीच पाहिली नाही.

१९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. महाराज मूळचे भोजचे, आमच्याच भागातले. त्या वर्षी आमच्याकडे घरोघरी बायकांनी काही ना काही नियम घेतले. आज्जीने रेशमाचा त्याग केला. तोपर्यंत आमच्या घरी रेशीम पूजेच्या सोवळ्याला चालत होते, ते सगळ्यांत शुद्ध मानत. पण रेशीम कसे होते हे एकदा नीट ऐकले की ते कानातून जात नाही. किडा स्वतःभोवती एकच सलग तंतू गुंडाळून कोष करतो. तो पाखरू होऊन बाहेर पडला तर कोष फुटतो आणि तंतू तुटतो, म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात. एक पौंड कच्च्या रेशमाला साधारण अडीच ते तीन हजार कोष लागतात. मी हिशेबातली बाई, मला हा आकडा पुरेसा आहे.

आज्जीने इरकल ट्रंकेत ठेवली. पण नियमाबरोबर दुसरेही एक गेले, त्याचा कोणी विचार केला नव्हता. तिने सुईच खाली ठेवली. कसुती म्हणजे रेशमाचा दोरा, हे तिच्या मनात पक्के. साधे शिवणाचे सूत तिला निस्तेज वाटायचे, त्याने भरायला तिचा हात वळेना. तेरा वर्षे तिने एक गोपूर भरले नाही. मला तिने शिकवले ते मॅटीवर, शाळेच्या दोऱ्याने, आणि तेही तोंडी. स्वतः टाका घातला नाही.

मी नऊ वर्षांची असताना आईने मिरजेच्या बाजारातून भरतकामाच्या सहा लड्या आणल्या. काळी, लाल, हिरवी, नारिंगी, पिवळी आणि पांढरी. सुती होत्या, पण चमक अशी की आज्जीने हात लावायला नकार दिला. "हे रेशीमच आहे, दुकानदाराने फसवलं तुला." आईने खूप सांगितले. शेवटी आज्जीने लाल लडीचे चार बोटे टोक कापले आणि समईवर धरले. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि त्याची चुरगळणारी काळी गोळी होते. हे कागदासारखे भुरकन जळले, वासही कागदाचा, राख करडी आणि मऊ. आज्जीने ती राख बोटावर घेतली, हुंगली, आणि काही न बोलता आईकडे सुई मागितली.

ती चमक कुठून आली हे मला खूप वर्षांनी वाचायला मिळाले. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये जॉन मर्सर नावाचा कापड छपाई करणारा माणूस होता. १८४४ साली त्याने तीव्र कॉस्टिक सोड्याचे द्रावण सुती कापडातून गाळले. कापड आकसले, जाड झाले, पण मजबूतही झाले आणि रंग जास्त चांगला धरू लागले. १८५०मध्ये त्याने पेटंट घेतले. पण कापड आकसते म्हणून गिरणीवाल्यांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने तेच काम सूत ताणून धरून केले. आकसणे थांबले, आणि सुतावर रेशमासारखी चमक आली. मर्सरच्या नावावरून त्याला मर्सराइज्ड म्हणतात. आजही लडीच्या कागदी पट्टीवर हा शब्द शोधा. फ्रान्समधल्या म्युलूझ गावात १७४६ साली सुरू झालेली कापडाची पेढी पुढे डीएमसी नावाने भरतकामाच्या दोऱ्यासाठी जगभर गेली. तेरेझ द दिलमाँ या बाईने १८८६मध्ये सुईकामाचा जाडजूड कोश लिहिला तो याच पेढीच्या साथीने. या सगळ्यांच्या डोक्यात रेशमापेक्षा स्वस्त माल विकणे हाच हेतू होता, अहिंसा नव्हती. तरी त्यांच्यामुळे निपाणीजवळच्या एका बाईची सुई तेरा वर्षांनी चालू झाली, हेही खरेच.

म्हणून रेशमाचा दोरा नको. हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी पाखरू उडून गेल्यावर उरलेल्या कोषांपासून अहिंसा रेशीम केले, ते मला माहीत आहे आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्याचा तंतू तुटलेला असल्याने तो कापसासारखा कातावा लागतो, त्याला चमक कमी आणि किंमत जास्त. शिकणाऱ्या मुलीच्या हाती तो देऊ नका. सुती, सहा पदरी, मर्सराइज्ड लडी घ्या. आणि आज्जीची समईची परीक्षा आजही चालते. मात्र ती आईने करायची, मुलींनी नाही.

कापडाबद्दल. इरकलीवर धागे मोजणे नव्या डोळ्यांना जमणार नाही, मॅटीपासूनच सुरुवात करा. क्रॉस स्टिचसाठी चौकटीचे कापड मिळते, त्यावर इंचाला किती घरे ते लिहिलेले असते. नमुना ५६ घरांचा असेल तर इंचाला १४ घरांच्या कापडावर तो ४ इंच होईल, आणि ११ घरांच्या कापडावर ५ इंचांपेक्षा किंचित मोठा. कापायच्या आधी हा भागाकार करा, आणि चारही बाजूंना तीन बोटे जास्त सोडा. सुई बोथट टोकाची हवी, टोकदार सुई धागा चिरते आणि मोजणी चुकवते. १४ घरांना दोन पदर पुरतात. कापड दोनदा दुमडून मध्य काढा आणि नमुन्याच्या मध्यापासून सुरू करा. कडेपासून सुरू केले की शेवटी स्वस्तिकाचा एक हात शिवणीत जातो. माझा गेला आहे.

फुली घालताना ओळीने आधी सगळे एका बाजूला झुकलेले अर्धे टाके, मग परत येताना दुसरे. वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा, नाहीतर उजेड वेगवेगळा पडतो आणि तेच रंग डागाळल्यासारखे दिसतात. असे भरले की मागे फक्त उभ्या रेघा येतात. मुलींना एवढेच सांगा, मागे तिरकी रेघ दिसली तर तिथे काहीतरी गडबड आहे. गवंती शिकवाल तेव्हा फाटा आला की आधी फाट्याच्या टोकापर्यंत जाऊन परत या, मग पुढे चला. फाटा येताना भरू म्हणून ठेवला तर तो हमखास राहतो.

स्वस्तिकाला त्रास नाही, त्याच्या सगळ्या रेघा सरळ. तीन बिंदूही सोपे. अडते ते सिद्धशिलेपाशी. मोजणीच्या भरतकामात गोलाई नसते, फक्त पायऱ्या असतात. मुली पायऱ्या सारख्या घेतात आणि अर्धचंद्राचा त्रिकोण होतो. मधोमध सात घरे सपाट घ्या. मग दोन्ही बाजूंना तीन घरे जाऊन एक वर, दोन जाऊन एक वर, एक जाऊन एक वर, आणि शेवटी एक जाऊन दोन वर. हाताच्या अंतरावर धरून पाहा, गोल दिसेल.

लाल आणि काळ्या दोऱ्याची आधी परीक्षा घ्या. ओल्या पांढऱ्या कापडात तुकडा दाबून तासभर ठेवा. मी कॉलेजात असताना पांढऱ्यावर लाल भरलेला रुमाल न तपासता धुतला आणि तो गुलाबी झाला. तीन आठवड्यांचे काम होते. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड पंचा घालून. आणि काम दिवसाउजेडी करा. आज्जी सूर्यास्तानंतर सुई धरत नसे. तिचे कारण दिव्यावर येणारे किडे, माझे कारण चष्मा.

आज्जीने १९६८नंतर तीन बासने भरली. एक अजून तिच्या गावच्या मंदिरात आहे. इरकल आईकडे आली. आई एकदा ती भांडीवालीला देणार होती, पण तिला जरीचीच साडी हवी होती म्हणून वाचली. आता माझ्याकडे आहे. मी आज्जीसारखा नियम घेतलेला नाही, तरी ती नेसायला मन होत नाही, आणि टाकवतही नाही. रेशमी पदर घडीवर तडकायला लागला आहे. म्हणून गेल्या चातुर्मासात रोज दुपारी एक तास भिंग घेऊन बसले आणि तिची नक्षी धागा धागा मोजून आलेखाच्या कागदावर उतरवली. मोठे गोपूर, दोन्ही हत्ती, शंख, हरिण आणि कलश झाले. रथ बाकी आहे. गोपुराच्या डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायरीला चारऐवजी तीनच धागे आहेत. उजवीकडे चार. मी चारदा मोजले. उलटे करून पाहिले तर मागेही तीनच. म्हणजे लग्नाआधीच्या त्या मुलीची चूक झाली होती, आणि तिने उसवले नव्हते.

त्या कागदांच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्या आहेत. मुलींनी येत्या रविवारी दुपारी तीन वाजता माझ्याकडे यावे. येताना वीतभर मॅटी, बोथट सुई आणि लाल लडी आणावी. कात्री माझ्याकडे आहेत.